पिनियनवरचा नंबर

महानंदा, तुझ्या मातीला एकोणीस गाड्या आल्या होत्या. झरीच्या फाट्यापासून आपल्या गॅरेजपर्यंत रस्त्याच्या कडेनं ओळीत उभ्या. जिंतूरच्या काळ्या-पिवळ्या जीपा, मानवतहून कापसाचे दोन पिकअप, ऊसतोडीच्या टोळ्या नेणाऱ्या गंगाधरची हिरवी जीप. दारात बायकोची तिरडी बांधायलेत आणि नवरा गाड्या मोजायलाय, हे कुणाच्या ध्यानात आलं असतं तर थुंकला असता माझ्यावर. पण मी मोजल्या. आणि मनात पहिला विचार आला तो हा, की मी मेलो तर एवढ्या येतील का?

तेरवी होऊन चार दिवस झालेत. लेक पुण्याला परत गेली. घरात मी एकटाच आहे, म्हणून बोलतोय.

ते ड्रायव्हर लोक एकेक करून जवळ येत होते, माझा हात हातात घेत होते आणि तुझं काही ना काही सांगत होते. एकाची गाडी दुरुस्त झाली तरी तू म्हणे दोन दिवस चावी दिली नव्हतीस. आधी रुसून गेलेल्या बायकोला माहेराहून घेऊन ये म्हणाली होतीस. दुसरा म्हणाला, ताई ट्रायलला गाडीत बसल्या की शिट्टी वाजवायच्या. मागच्या चाकांमधलं डिफरन्शियल कसं ओरडतं ते ड्रायव्हरला धड सांगता येत नाही, तर तू बारीक शिट्टी घालून विचारायचीस, असा आवाज येतो, का असा? आणि ड्रायव्हरनं 'दुसरा' असं उत्तर दिलं की तुला कळायचं, खोट कुठं आहे ते. मी मान हलवली, मला सगळं माहीत असल्यासारखी. सव्वीस वर्षं एका छपराखाली काढली आपण. तुझी शिट्टी मी एकदाही ऐकली नाही. त्या माणसाचा मला एवढा हेवा वाटला की त्याच्या हातातून मी हात सोडवून घेतला.

हा हेवा काही आजचा नाही. तो तुला ठाऊक होता का, एवढंच मला परवापर्यंत ठाऊक नव्हतं.

जॅक सटकून माझ्या उजव्या हातावर गाडीचं ओझं आलं, तेव्हापासून सगळं सुरू झालं. हाड जुळलं, पण तीन बोटांतली जाण गेली. पाना धरता यायचा, पण गिअरमधे घालायच्या शिम, त्या कागदाएवढ्या पातळ चकत्या, त्यांच्यातला फरक बोटाला कळेना. तू आधी फक्त बॅटरी धरायला आलीस. मग एक दिवस मी वैतागून म्हणलो, "धर, तूच बघ हे." जमिनीवर पोतं अंथरून तू बसलीस आणि मी तुला पहिला धडा दिला. तो मला शब्दन् शब्द पाठ आहे, कारण पुढं मी तो हजार लोकांना ऐकवला, "मीच शिकवलं तिला" म्हणून.

म्हणलो होतो, हे बघ, इंजिनाकडून दांडा फिरत येतो. त्याच्या टोकाला हे लहान गिअर, ते पिनियन. ते ह्या मोठ्या दातेरी चकतीला फिरवतं, हा क्राऊन. क्राऊन ज्या लोखंडी पिंजऱ्यावर बोल्टनं आवळलाय, ती केज. केज फिरली की चाकं फिरली. आता पिनियन आणि क्राऊन एकमेकांत किती शिरले पाहिजेत, ते ह्या शिमवर. जास्त शिरले तर आवळतील, कमी शिरले तर दात खातील.

तू शिम बोटात धरून बघितलीस. "म्हंजे जात्यावानी की वो. डाळ भरडायची तर खुंट्याला चिंधी गुंडाळायची, पीठ पाडायचं तर काढून टाकायची."

मी हसलो. हसायला नको होतं. कारण तासाभरात तू दात्यांना तेलात कालवलेला शेंदूर लावून क्राऊन फिरवलास, आणि शेंदूर कुठं पुसला गेलाय ते बघून मला म्हणालीस, "खुणा दात्याच्या टोकाला उमटायल्यात. पिनियन अजून आत जाऊ द्या." बरोबर होतं. उस्तादाच्या हाताखाली मला हे कळायला अडीच वर्षं लागली होती.

तरी ते दिवस चांगले होते. तेव्हा तू माझा हात होतीस, आणि स्वतःच्या हाताचा कुणी हेवा करत नाही. गंगाधरच्या जीपनं ते बदललं.

गंगाधरला ऊसतोडीची माणसं आणि त्यांचा संसार घेऊन घाट चढायचा होता. त्याला गाडीला ओढ जास्त पाहिजे होती. मी परभणीहून रशीदभाईंच्या दुकानातून कमी दात्यांच्या पिनियनचा नवा जोड आणला आणि जुन्याच केजवर बसवायला घेतला. तर क्राऊन पिनियनला पोचेना! सगळ्या शिम एका अंगाला घातल्या तरी मधे फट. मी बाहेर येऊन गंगाधरला सांगितलं, माल खराब आलाय, परत करावा लागंल. तू मागं बसून जुना क्राऊन आणि नवा क्राऊन एकावर एक ठेवून बघत होतीस. जाडी सारखीच.

"अवो, ऐका की," तू म्हणालीस. "माल खराब न्हाई."

"मग काय खराब हाय? माझं नशीब?"

"पिनियन बारीक झालंय ना आता? मग क्राऊननं त्याच्याकडं सरकाया नको? त्याची बैठक तर तिथंच हाय, जुन्या जागी. ही केज जाड्या पिनियनची हाय. बारक्या पिनियनला केजच दुसरी लागंल, बैठक पुढं असलेली."

गंगाधर तुझ्याकडं बघत राहिला आणि मग माझ्याकडं. त्या दोन नजरांतलं अंतर मी आजवर विसरलो नाही. मी म्हणलो, "तुला काय कळतंय त्यातलं?" तू दोन्ही क्राऊन उचलून बाजूला ठेवलेस. पण गंगाधरनं तुला गाडीत घालून परभणीला नेलं. रशीदभाईंनी माळ्यावरून दुसरी केज काढून दिली. तू दोन्ही केज काउंटरवर शेजारी ठेवून बोटानं बैठक मोजलीस म्हणे. संध्याकाळी जोड बसला. शेंदराची खूण दात्याच्या बरोबर मधोमध उमटली, लग्नातल्या कुंकवासारखी नेटकी. गंगाधर घाट चढून आला आणि त्यानं जिंतूरच्या स्टँडवर सगळ्यांना सांगितलं.

तिथून पुढं लोक गॅरेजच्या दारात आले की विचारायचे, "ताई हायत का?"

मी म्हणायचो, "मी हाय की."

"हां, तुमी हायतच. पण ताई?"

महानंदा, हे 'तुमी हायतच' मी किती वर्षं ऐकलं! मी उस्तादाच्या लाथा खाल्ल्या होत्या, डिझेलनं हात धुतले होते, आणि तू जात्यावरून उठून आलीस आणि माझ्या गॅरेजात माझ्याच पोत्यावर बसून माझ्या पुढं निघून गेलीस. तुला त्याचा तोराही नव्हता. तोरा असता तर मला भांडता आलं असतं. तू जेवायला वाढताना विचारायचीस, "ते बेअरिंग आज तुमी कसं काढलात? मला दावा की उद्या." मला वाटायचं तू मला खेळवतेस. आता वाटतं तुला खरंच बघायचं होतं. काय खरं, ते तूच सांगायला पाहिजे होतंस.

आता जे बोलायचंय ते बोलतो.

अकरा वर्षांपूर्वी गंगाधरच्या मेव्हण्याची जीप आली. त्याच्या गाडीला वऱ्हाडाचं बुकिंग होतं, दोनच दिवसांनी निघायचं होतं. नवा जोड तू स्वतः परभणीहून घेऊन आलीस. गाडी खोलून, साफ करून तू दुपारी घरी गेलीस, लेकीची शाळा सुटायची होती. नव्या जोडाची पेटी उघडी होती. क्राऊनच्या कडेला आणि पिनियनच्या तोंडावर एकच नंबर कोरलेला असतो, हे मीच तुला शिकवलं होतं. कारखान्यात त्या दोघांना एकमेकांवर घासून जुळवलेलं असतं. दात्यांची संख्या सारखी असली तरी एकाचं पिनियन दुसऱ्याच्या क्राऊनला लागत नाही. लावलं तर ओरडतं, आणि तसंच चालवलं तर कधीतरी दात मोडून गाडी जागेवर जाम होते.

माझ्याकडं एक पिनियन पडून होतं. त्याचा क्राऊन फुटलेला, पण ते नव्यासारखं दिसायचं. मी ते तुझ्या पेटीत ठेवलं. तुझं पिनियन चिंधीत गुंडाळून भंगाराच्या ढिगात खाली दाबलं. डाव्या हातानं केलं सगळं. उजवा खिशात होता.

मला गाडी मोडायची नव्हती. शपथ घेतो तर कुणाची घेऊ, तूच नाहीस. मला एवढंच पाहिजे होतं की एकदा, एकदाच, तुझ्या हातून जमू नये, आणि तू मागं वळून म्हणावंस, "अवो, तुमी बघा की जरा."

तू दोन दिवस झगडलीस. एक शिम काढलीस की खूण दात्याच्या बुडाला जायची, एक घातलीस की टोकाला. पुढच्या बाजूनं बरी आली तर मागच्या बाजूनं वाकडी. गंगाधरचा मेव्हणा येऊन बसायचा, उठून जायचा. शेवटी त्यानं वऱ्हाडासाठी दुसऱ्याची गाडी केली आणि जाताना मला म्हणाला, "मामा, तुमीच हात घालायचा होता. बाईमाणसावर सोडलं तुमी." मी 'बघू' म्हणलो. मला गोड लागलं ते. दोन दिवस मी वाट बघत होतो तेच ऐकायला मिळालं, पण तुझ्याकडं बघितलं तर तुझ्या कपाळावर शेंदूर लागला होता, घाम पुसताना लागलेला, आणि तू मला हाक मारली नव्हतीस. तू माझ्याकडं बघितलंही नव्हतंस.

तिसऱ्या दिवशी सकाळी तू पिनियन बाहेर काढलंस, रॉकेलनं धुतलंस, उजेडात धरलंस. बराच वेळ धरलंस. मी पलीकडं एका ट्रॅक्टरखाली होतो, तुझे पाय तेवढे दिसत होते. मग तू म्हणालीस, "नंबर जुळंना. दुकानातून चुकीचं आलंय." आणि पिशवी घेऊन एसटीनं परभणीला गेलीस.

परत आलीस ती दुसरा जोड घेऊन. "रशीदभाईला चार लोकांत बोलून आलेय," म्हणालीस. "आता त्या दुकानाची पायरी चढायची न्हाई मी. सामान तुमीच आणत जा." त्याच दिवशी जीप झाली. आवाज नाही, काही नाही.

अकरा वर्षं तू त्या दुकानाची पायरी चढली नाहीस. मी सामान आणायला जायचो. रशीदभाई सामान द्यायचे, चहा पाजायचे, तुझं नाव काढायचे नाहीत. मी त्यांच्या काउंटरसमोर उभा राहून एका निरपराध माणसाचं गप्प राहणं बघायचो आणि पेटी उचलून निघायचो. भंगारातलं ते पिनियन मी कधीच मानवतला विकून टाकलं होतं. पण दर वेळी परत येताना एसटीत वाटायचं, आज सांगतो हिला. घरी आलो की तू विचारायचीस, "जोडाचा नंबर बघून आणलात ना?" आणि माझा सगळा धीर सरायचा. तू मला टोचत होतीस की साधं विचारत होतीस? मी तुझा चेहरा वाचायचो. त्यावर काही नसायचं.

आणि तू गेलीस. छातीत कळ आली म्हणालीस, केज उचलल्यामुळं असंल म्हणालीस, परभणी गाठायच्या आत गाडीत माझ्या मांडीवर डोकं ठेवून गेलीस. मधे एकदा डोळे उघडून म्हणालीस, "गाडी हळू घ्या म्हणावं, मागचं बेअरिंग वाजायलंय." शेवटचं बोलणंही माझ्याशी नाही बोललीस. ड्रायव्हरला निरोप होता तो.

मातीला रशीदभाई आले होते. लांब, लिंबाखाली उभे होते. तू ज्याला चार लोकांत बोललीस असं मी समजत होतो तो सत्तरीचा माणूस एसटीनं झरीला आला आणि रुमालात तोंड घालून रडला. मला ते सहन झालं नाही. तेव्हाच ठरवलं की तेरवी झाली की जायचं आणि त्यांना सांगायचं. तुला सांगता आलं नाही, निदान त्यांना.

परवा गेलो. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. त्यांनी स्टूल पुढं केलं. मी बसलो नाही. उभ्याउभ्याच सांगितलं, पेटी, भंगार, डावा हात, सगळं. म्हणलो, "रशीदभाई, ती तुमच्यावर राग धरून गेली, आणि चूक माझी होती. अकरा वर्षं माझी होती."

ते चष्मा काढून पुसत राहिले. मग म्हणाले, "बालाजीभाऊ, बसा आधी."

मी बसलो.

"भाभी माझ्याशी भांडल्याच न्हाईत."

मला वाटलं, म्हातारा माझं मन राखायलाय.

"जोड दिला तेव्हा आमी दोघांनी ह्या काउंटरवर नंबर वाचले होते. मी पिनियनचा वाचला, त्यांनी क्राऊनचा. जुळला. मग तिसऱ्या दिवशी त्या आल्या आणि चुकीचं पिनियन इथं ठेवलं. मी म्हणलो, भाभी, हे माझ्याकडचं न्हाई. तर म्हणल्या, हौ, मला ठाऊक हाय. हे आमच्या घरचं हाय. तो फुटका क्राऊन मीच काढला होता, त्याचं हे पिनियन हाय."

महानंदा, मी तुझ्या हाताचा एवढा हेवा केला आणि एवढंही लक्षात ठेवलं नाही, की त्या हातातून गेलेलं पिनियन तो हात ओळखेल.

मी विचारलं, "मग मला का न्हाई बोलली?"

"मीबी तेच विचारलं. म्हणलो, घरी जाऊन भांडा. तर म्हणल्या, भांडले तर ते पान्याला हात लावायचे न्हाईत परत. शरमेनं बसून राहतील. आणि मला एकटीला गॅरेज करायचं न्हाई, रशीदभाई. मला त्यांच्यासंगं करायचंय. मग म्हणल्या, तुमी माझं एक काम करा. मी तुमच्याशी भांडले असं समजा. ते आले तर माझं नाव काढू नका. मी म्हणलो, ठीक हाय. जबान दिली." रशीदभाईंनी चष्मा काउंटरवर ठेवला. "आज मोडली. तुमी स्वतः सांगितलं म्हणून मोडली."

"रडली का ती?"

"हौ," ते म्हणाले. "लय रडल्या. ह्याच स्टुलावर."

मी सव्वीस वर्षांत तुला रडताना दोनदा बघितलं, तुझा बाप गेला तेव्हा आणि लेक सासरी गेली तेव्हा. माझ्यापायी तू एकदाच रडलीस, ते ह्या माणसाच्या दुकानात. त्यानं तुला पाणी दिलं असेल. त्यानं तुझं ऐकून घेतलं. अकरा वर्षं तुमच्या दोघांत एक गोष्ट होती आणि तिच्यात मी होतो, पण मला जागा नव्हती. गंगाधरचा हेवा केला, त्या शिट्टीवाल्याचा केला, पण असा हेवा मला कधी झाला नव्हता. मी उपकार मानायला पाहिजेत तुझे, आणि मानतो. तू मला माझ्याच गॅरेजात माणसात ठेवलंस. पण एकदा तरी पाना फेकून मारायचा होतास. मी तो झेलला असता की अंगावर घेतला असता, ते माझं मी बघितलं असतं. तू ते भांडण माझ्या वाट्याला येऊच दिलं नाहीस.

दुकानात एक गिऱ्हाईक आलं. रशीदभाईंनी त्याला अर्ध्या तासानं ये म्हणून परत लावलं आणि विचारलं, "चहा सांगू?"

मी म्हणलो, "चहा नको. तुमी परत सांगा."

"काय?"

"ती आली तिथून. कोणत्या रंगाचं लुगडं होतं, आल्या आल्या काय म्हणली, कशी बसली. सगळं सांगा. काही गाळू नका."

त्यांनी चष्मा घातला आणि सांगायला लागले.